एक, दोन आणि परत एक

पोशीरच्या येसाजीचा कान म्हणजे काय चीज होती, हे आता सांगून कुणाला पटायचं नाही. नेरळपासून पार खालापूरपर्यंत कुठं हळद असो, साखरपुडा असो की देवीची जत्रा, कर्णा लावायला येसाजीच लागायचा. आंब्यावर कर्णा बांधायला त्याचा जोडीदार पदू चढायचा आणि येसाजी खाली उभा राहून नुसता हात हलवायचा. जरा डावीकडं, जरा खाली, हां, बस. मग गाणं चार शेतं ओलांडून पलीकडच्या पाड्यावर जायचं, पण मांडवात निजलेलं तान्हं पोर काही जागं व्हायचं नाही. लोक त्याला येसाजी कर्णेवाला म्हणायचे आणि तो ते नाव मिरवायचा.

गाण्याची नवी मशीन घ्यायला मुंबईला गेला की गडी दुकानदाराकडं सरळ पाठ फिरवून बसायचा. "आता लावा," म्हणायचा. "एक लावा, दोन लावा आणि परत एक लावा. कुठलं कुठलं ते बोलू नका." दुकानदार हसायचे. हसेनात का! येसाजी भिंतीकडं तोंड करून तीनदा ऐकायचा आणि मगच बोट दाखवायचा. "डोळा लय लबाड," तो पदूला सांगायचा. "रंगाला भुलतो, चकाकीला भुलतो. आवाज घ्यायचा तर पाठ फिरवूनच घ्यावा."

तोच कान गेला. एकदम नाही गेला, हळूहळू गेला. उमेदीची सारी वर्षं कर्ण्याच्या तोंडाशी काढली, त्याचा हिशेब शरीरानं चुकता केला. आधी रातकिडे गेले, मग देवळातली घंटा गेली, मग बायजाच्या बांगड्या गेल्या. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरानं तपासून सांगितलं, नसा मेल्यात, इलाज नाही. येसाजीनं गावात सांगितलं, गुडघे धरलेत, आता धंदा होत नाही. खरं काय ते एकट्या बायजाला ठाऊक होतं.

बायजा त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून मुकाट बाई म्हणून नावाजलेली. पण नवऱ्याचा कान गेला आणि तिला बोलकं व्हावं लागलं. कुणी घरी आलं की ही पाहुण्याच्या शेजारी उभी राहायची आणि पाहुण्याचंच बोलणं ठासून परत म्हणायची. "म्हंजे भाताला खत टाकलं म्हनताय?" "काय म्हनता, पारूचं लगीन ठरलं?" येसाजी तिच्या ओठांवरून सगळं वाचायचा. दुसऱ्या कुणाचे ओठ त्याला वाचता येत नसत, बाप्यांच्या तर मिशाच आड यायच्या. गावातल्या बाया म्हणू लागल्या, म्हातारपणी बायजाच्या तोंडाला काय पाय फुटलेत गं! बायजा ऐकून घ्यायची. घरी येऊन चुलीपुढं एखाद्या दिवशी रडायचीसुद्धा, पण दुसऱ्या दिवशी परत नवऱ्यासाठी तोंड उघडायची.

आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात त्यांचा पोरगा सहदेव मस्कतहून रजेवर आला.

सहदेव तिकडं गाण्याच्या मशिनींच्या दुकानात कामाला होता. येताना त्यानं दोन खोकी आणली. बाहेरच्या खोलीत पाटावर मांडून उघडली तेव्हा पदू उकिडवा बसून बघतच राहिला. एक मशीन काळी, जपानची. दुसरी रुपेरी, विलायतेकडची. तळहाताएवढी चकचकीत तबकडी कप्प्यात ठेवायची, कप्पा आपोआप आत जातो, आणि आत पिन नाही, सुई नाही, नुसता उजेड ती तबकडी वाचतो.

"पिन नाय तर मग खरखर कशी येनार?" पदूनं विचारलं.

"खरखर येतच नाय काका. त्यासाठीच तर आणली."

दोन्हीतली एक सहदेवची आणि दुसरी त्याच्या खोपोलीच्या दोस्ताची, कान्हाची. कान्हा तिकडंच होता. त्यानं सांगितलं होतं, "तुला आवडंल ती ठेव, उरंल ती माज्या भावाला दे." भाऊ दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. दोन्ही मशिनी सारख्याच तोलाच्या, डावी-उजवी करावी अशी एकही नाही. तेव्हा निवडायची कशी, तर बाबांच्या कानानं.

एवढंच असतं तर बायजाचा जीव टांगणीला लागला नसता. येसाजीनं कुठल्याही मशिनीवर बोट ठेवलं असतं, कोण विचारतंय! पण जेवताना सहदेवनं मनातलं बोलून दाखवलं. कर्जतच्या बाजारात गाळा घ्यायचा, भजनी मंडळांच्या, गोंधळ्यांच्या कॅसेटी भरून द्यायच्या. हल्ली प्रत्येक गावाला आपली कॅसेट हवी असते. "मशीन मी सांभाळतो बाबा, कान तुमचा. पाच वर्षं दुकानात दिवसभर सतरा मशिनी एकदम लावून माजा कान पार बोथट झालाय. एकट्याच्यानं नाय व्हायचं. तुमी आधी या दोनांतली खरी कुठली ते सांगा. मला कळू दे, कान अजून हाय. मग मी तिकडं कळवून टाकतो, परत येत नाय म्हणून."

बायजानं ते वाक्य नवऱ्यापुढं ओठांनी परत म्हटलं, आणि म्हणताना तिचा घास हातातच राहिला. पोरगा घरी राहणार! पाच वर्षं ज्याच्यासाठी तिनं देवीला साकडं घातलं ते ताटाशी येऊन बसलं होतं, आणि मध्ये उभा होता नवऱ्याचा मेलेला कान.

सकाळी परसात पाणी तापवताना दोघांचं ठरलं. तबकडी जुन्या जमान्यातली असती तर येसाजीला अवघड नव्हतं. पिन खाचेत बसताना दिसायची, खाचांच्या काळ्या-करड्या रंगावरून गाणं कुठवर आलं ते त्याला कळायचं, आणि त्याच्या जुन्या मशिनीतला हिरवा डोळा आवाजाबरोबर उघडमीट करायचा. इथं तबकडीच पोटात गुडूप. त्यात सहदेव बापाचाच चेला, तो पाठ फिरवून बसवणार हे नक्की.

"मी सैपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसंन," बायजा म्हणाली. "तुमचं तोंड माज्याकडंच असंल. गानं चालू हाय तवर माजा हात चालू. थांबलं की हात थांबला. आनि जी मशीन बरी वाटंल तवा कानातली कुडी चाचपीन. पन अवो, मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला गोड लागंल ती."

"आनि चुकलं तर?"

येसाजी हसला. "आजवर तुला कुनी इचारलंय का, तुला काय गोड लागतं ते? मीबी नाय इचारलं. आता इचारतो."

लाकडं पुढं सारायचं निमित्त करून बायजा खाली वाकली.

दुपारची जेवणं झाली. सहदेवनं मशिनी, आवाज वाढवायची पेटी, सगळं एका चादरीखाली झाकलं. दिवे लुकलुकतात तेसुद्धा दिसायला नकोत म्हणाला. दोन्ही स्पीकर कोपऱ्यांत उभे केले. मग बापाचा स्टूल उचलून उलटा ठेवला, पाठ मशिनीकडं, तोंड सैपाकघराकडं.

"तुमचाच कायदा हाय बाबा. एक, दोन आणि परत एक."

येसाजी ऐटीत बसला. धोतराचा सोगा सारखा केला, हात मांडीवर ठेवले. समोर उंबऱ्यावर बायजा सूप घेऊन बसली होती. पदू दाराशी टेकला होता. माघातली थंडी होती, पंख्याची गरज नव्हती. भिंतीवर देवापुढचा तांबडा दिवा तेवढा जळत होता. तो बारका विजेचा दिवा येसाजीनंच कधीकाळी तिथं बसवला होता आणि दिवसरात्र जळता ठेवला होता.

सहदेवनं चादरीखाली हात घातला.

गाणं लागलं आणि बायजानं ते लगेच ओळखलं. हे गाणं! येसाजी प्रत्येक हळदीला हेच लावायचा, मंडळी जेवून सुस्तावली की. एकट्या बाईचं संथ गाणं. ढोलकी असती तर निदान पायाखालची फरशी थरारून बोलली असती, इथं तेवढाही आधार नव्हता. बायजानं तांदळात हात घातला आणि निवडू लागली. पण हे गाणं तिनं कधी घरात ऐकलंच नव्हतं. ऐकलं ते लांबून, झाडावरून, भांडी घासताना, नवरा आज तरी जेवायला येतोय की नाही या काळजीत. त्या कर्ण्याचा तिनं वर्षानुवर्षं रागच केला होता. आता पहिल्यांदाच ती बाई तिच्या पुढ्यात येऊन बसली होती आणि गात होती. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आधी बाईनं श्वास घेतला. बायजानं मान वर केली. खरंच घेतला. मग प्रत्येक ओळीआधी तो येऊ लागला, लहानसा, थकल्या बाईनं डोक्यावरची कळशी उतरवून घ्यावा तसा. बायजाचे डोळे भरून आले. तांदळातले खडे तिला दिसेनासे झाले, पण हात काही तिनं थांबवला नाही.

गाणं संपलं, हात थांबला. येसाजीनं मान डोलावली.

"आता दोन," सहदेव म्हणाला.

बायजाचा हात परत चालू झाला. हीसुद्धा गोडच होती, उगाच वाईट कशाला म्हणा! आवाज मोठा, लखलखीत, तबला वेगळा, सारंगी वेगळी, सगळं घासूनपुसून फळीवर मांडल्यासारखं. बायजा वाट बघत बसली. पण श्वास काही आला नाही. आला असेलही, त्या लखलखाटात कुठं गेला कोण जाणे. गाणं संपलं, तिचा हात थांबला, पण कुडीकडं गेला नाही.

येसाजीनं ते बघितलं. तो खाकरला. "आता परत एक लाव," म्हणाला, जुन्या रुबाबात.

पहिली मशीन परत सुरू झाली आणि बायजानं लगेच कानातली कुडी चाचपली. झालं! येसाजीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. निवाडा हातात आला होता, आता फक्त गाणं संपायची वाट बघायची. त्यानं डोळे मिटले.

तिथंच घात झाला. कारण त्याला ते गाणं तोंडपाठ होतं, शब्दन् शब्द, हरकतन् हरकत. डोळे मिटले आणि ते त्याच्या आत आपोआप वाजू लागलं असणार. बायजाला ते समोर दिसत होतं. ओठ किंचित हलत होते, मांडीवरचं बोट ताल धरत होतं. कान गेल्यापासून असा निवांत चेहरा तिनं बघितला नव्हता. तो सोंग करत नव्हता, खरोखरच ऐकत होता. तिला इतकं बरं वाटलं की हात आपला चालत राहिला आणि ती नुसती त्याच्याकडं बघत बसली.

आणि लाईट गेली.

बाईचा आवाज ओळीच्या मध्येच तुटला. देवापुढचा दिवा विझला. खोलीत एकदम एवढी शांतता झाली की परसातल्या कोंबड्यांचं उकरणं ऐकू यायला लागलं. येसाजीचं बोट तालावर चालूच होतं.

"आरं दादा, लाईट..." पदूच्या तोंडातून गेलं, आणि पुढचं तोंडातच राहिलं.

सहदेव चादरीशी वाकलेला होता. तो हळूच उभा राहिला. बापाच्या पाठीकडं, मग त्या बोटाकडं बघत राहिला. बायजाला वाटलं उठावं, नवऱ्याचा खांदा हलवावा, पण सहदेव बघत होता. अवो, उघडा डोळे! माज्याकडं बघा! माजा हात थांबलाय, बघा ना! ती मनातल्या मनात ओरडत होती आणि येसाजी मान किंचित वर करून गाण्यातल्या उंच जागेवर पोचला होता. तिथं तो दरवेळी "वा!" म्हणायचा. आताही म्हणाला. पदूनं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

सहदेवनं कुणाला बोलू दिलं नाही. नुसता हात वर करून उभा राहिला. येसाजीचं गाणं त्याच्या वेळेला संपलं. त्यानं डोळे उघडले, दमदार आवाजात म्हणाला, "पयली. परत आयकली तरी पयलीच. ही ठेव सहदेवा, दुसरी धाड खोपोलीला," आणि स्टुलावरच वळला.

वळताना त्याची नजर सवयीनं देवाकडं गेली. दिवा विझलेला होता.

तो त्या दिव्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग पदूकडं बघितलं, पदूनं मान खाली घातली. "लाईट कवा गेली रं?" येसाजीनं विचारलं.

"आत्ताच बाबा," सहदेव चटकन म्हणाला. "गाणं संपलं आणि गेली."

पोरगं खोटं बोललं. मायेनं बोललं, पण खोटंच. येसाजीला त्याचे ओठ काही वाचता आले नाहीत. त्यानं रोजच्यासारखं बायजाकडं बघितलं, आणि सहदेवनंही आईकडं बघितलं, आये, तेवढं म्हण म्हणून.

किती सोपं होतं! चार शब्द ओठांवर आणायचे. नवऱ्याचा मान राहिला असता, पोरानं ओळखूनही न ओळखल्यासारखं केलं असतं, कुणी सांगावं, गाळासुद्धा घेतला असता. पण येसाजी तिच्या तोंडाकडं बघत होता, लहान पोर बघतं तसा. सगळं जग त्याच्याशी मुकं झालं होतं, बोलत होती ती एकटी. तीच खोटं बोलली, तर त्याला विचारायला दुसरं कोण होतं?

"मधीच गेली," बायजा म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "गान्याच्या मधीच गेली. तुमी वा म्हनलात त्याच्या आदी."

येसाजीनं दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि कुठं ठेवावेत ते न कळून परत मांडीवरच ठेवले.

"पोरा," तो म्हणाला, "मला कायबी आयकू येत नाय. तुज्या आयेचं तोंड दिसतं, तेवढंच."

"कवापासून?" सहदेवनं विचारलं. येसाजी खाली बघत होता, म्हणून बायजानंच सांगितलं, सगळं सांगितलं. रातकिडे, घंटा, इस्पितळ, गुडघ्यांचं निमित्त. ऐकता ऐकता सहदेवचा चेहरा लाल झाला.

"आणि मला कुणी सांगू नये? मी काय परका? काल जेवताना एवढं बोललो, तुमी दोघं नुसती माना हलवत होता! कशासाठी हे सगळं?"

"तू घरी ऱ्हावास म्हनून!" बायजा ओरडली. सूप कलंडलं आणि तांदूळ फरशीवर पसरले. "कान नाय म्हनलं असतं तर गेला असतास परत. त्यांना बोल नको लावू. मला हवा होतास तू. मला!"

ती एवढ्या मोठ्यानं बोललेली त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. सहदेव मशिनीपाशी खाली बसला. पदू गुडघ्यांवर बसून एकेक दाणा सुपात भरायला लागला, दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

मग सहदेवनंच विचारलं, "पहिलीवर बोट कुणी ठेवलं मग?"

येसाजीनं पोराचं तोंड आपल्याकडं वळलेलं बघितलं, आईकडं वळलेलं बघितलं, आणि प्रश्न न ऐकता ओळखला. "तिला इचार," तो म्हणाला. "तिनं कुडी चाचपली. घरातलं आयकनं आता तिच्याकडं हाय."

"का गं आये? पहिलीच का?"

बायजाला लाज वाटली. डोळे पुसून ती म्हणाली, "मला मशिनीचं नाय कळत. पन पयलीत ती बाई गायच्या आदी दम घेते. दुसरीत घेत नाय. दम घेतल्याबिगर कोन गाईल रं?"

तेवढ्यात देवापुढचा दिवा भपकन लागला. सहदेव उठला, बापाला हाताला धरून उंबऱ्याशी नेऊन बसवलं, आणि रिकामा स्टूल आईपुढं ठेवला. तोच स्टूल, तोंड सैपाकघराकडं.

"आये, बस. पाठ फिरव मशिनीकडं."

"मी? आरं मला कशाला..."

"गाळा घ्यायचा तर कान लागंल ना. आधी दाखव मला, कुठं दम घेते ती."

बायजा पदर सावरून स्टुलावर बसली. समोर उंबऱ्यावर येसाजी होता, तो जिथं बसला होता तिथं आता ती होती. मागं चादर सळसळली. येसाजी तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हता. बायजानं ऐकलं, तळहात छातीवर ठेवला आणि तो श्वासाबरोबर वर उचलला. तिचा हात वर आला तसा येसाजीनंही छाती भरून श्वास घेतला, आणि बाई गाऊ लागली.